वहिनीच्या पाठीने निवडलेले पाटे

माझ्या दोघा लाडक्यांनो, आज नीट बसून वाचा. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने फोरमन आजोबांचा किस्सा सांगितला. “मामा महिनोन्‌महिने पिकअपचे पाटे निवडत बसला आणि तिकडे सासूबाई निघून गेल्या,” असं तो म्हणाला आणि तुम्ही दोघं पोट धरून हसलात. त्यानंतर कॉल तुटला. नेट गेलं नव्हतं, मी बंद केला होता. मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. फोरमन म्हणजे माझा सख्खा दादा. गेल्या थंडीत तो गेला. तो असेपर्यंत मी त्याला दिलेला शब्द पाळला, आता पाळणार नाही. हे बाबापासून लपवू नका. त्यालाही वाचू द्या.

दादा ओरडायचा. वणीच्या कोळसा खाणीच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्याची नोकरी झाली. तिथे हळू बोललेलं कोणाला ऐकूच जात नसे, आणि निवृत्त झाल्यावरही तो आवाज त्याच्यासोबत घरी आला. तो चहा मागायचा तो असा, की शेजारच्यांनी आणून द्यावा. त्याचा फोन आला की मी फोन टेबलावर ठेवून भाजी चिरत ऐकत असे. गावात त्याचं नाव कोणी घेत नसे, ‘फोरमन’ म्हटलं की पुरे. फक्त वहिनीशी बोलताना त्याचा आवाज खाली यायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. तुमचा बाबा लहानपणी अर्धा वेळ त्यांच्याकडेच वाढला.

वहिनीच्या पाठीचे मणके झिजले होते. तिला बसवत नसे, फक्त आडवं पडता येई. तिची आई फुलसावंगीला, ती खूप म्हातारी, खाटेला खिळलेली. दोघींची कित्येक वर्षांत भेट नाही, कारण दोघींपैकी एकीलाही प्रवास झेपत नव्हता. एसटीचा प्रश्नच नव्हता. ॲम्ब्युलन्स करू म्हटलं तर वहिनी म्हणाली, “ते गाडी दारात उभी राह्यली का आई मले पाह्यच्या आधीच रडाले लागन. मले तिच्याशी बोलाचं हाये, तिले रडवाचं नाई.”

तेव्हा दादाने पिकअप घेतली आणि तिच्या हौद्यात मागून सरकवून बसवता येईल अशी पत्र्याची खोली करून घेतली. आत वहिनीची गादी, पाण्याची टाकी, शेगडी आणि पडद्याआड कमोड. खाली वाकता न येणाऱ्या बाईला रस्त्यात काय लागतं, याचा विचार नातेवाइकांपैकी एकानेही केला नव्हता. हसायला मात्र सगळे आले. “फोरमन, हनिमूनला चालले का?” असंही एकाने विचारलं. दादाने त्याला जे उत्तर दिलं ते मी इथे लिहिणार नाही.

आता पाट्यांचं सांगते. मागच्या चाकांच्या वर लोखंडाच्या वाकलेल्या पट्ट्यांची चळत असते, तिच्यावर गाडीचा भार तोलला जातो. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. आमच्या वणीत नवी पिकअप शोरूममधून निघाली की पूजेच्याही आधी पाटेवाल्याकडे जाते. जादा पाटे घालून घेतल्याशिवाय तिला कोणी गाडी मानत नाही. कोळशाच्या गावाची ही रीत आहे. सगळे परवानगीपेक्षा जास्त भरतात आणि पाटे वाढवले की गाडीची ताकद वाढली असं समजतात. आमचे पाटेवाले रहीमभाई, दादाचे जुने दोस्त, तेही गाडी पाहताच म्हणाले, “दोन दोन पाटे टाकून देतो फोरमनसाब. हत्ती बसवा मागं.”

“हत्ती नाई बसवून राह्यलो,” दादा ओरडला. “माह्यी बायको झोपून राह्यली मागं! आन्‌ पाटे वाढवले म्हून का एक्सल वाढते? एक्सल तेवढाच, टायर तेवढेच. नुसता दणका वाढते. आधी काटा, मंग पाटा!”

म्हणजे आधी वजन करा, मग पाटे ठरवा. कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत पिकअप घालून त्याने ती वजनकाट्यावर नेली. टाकी भरलेली, शेगडी, भांडी, गादी, गादीवर वहिनी, तिच्याजवळ मी. मागची चाकं वेगळी तोलली, मग सगळी गाडी. काट्यावरचा माणूस म्हणाला, “काका, माल काय आहे?” आतून वहिनी म्हणाली, “मी आहो माल. लिही.” रांगेतले ड्रायव्हर हसले, दादासुद्धा हसला. कंपनीने ठरवून दिलेल्या भाराच्या आत गाडी आरामात बसत होती. तेवढं समजल्यावर त्याने पाटे होते तेवढेच ठेवले. गाडीचा सांगाडा आणि चाकांचा एक्सल यांच्या मधे रबराचे हवेचे फुगे बसवून घेतले, म्हणजे मागची बाजू दबणार नाही आणि हवा कमी-जास्त करून गाडी मऊ किंवा कडक करता येईल. खोली उंच, वळणावर झुलायची. त्यासाठी नवे शॉकॲब्झॉर्बर आणि एक आडवा दांडा.

मग हवा किती भरायची हे ठरवायला वेळ लागला. तोच तो तुमच्या हसण्याचा वेळ. रोज सकाळी वहिनी आत झोपायची आणि दादा रेल्वे फाटकाच्या खड्ड्यांतून गाडी न्यायचा. वहिनीच्या हातात स्टीलचा पेला असे. सोसवलं तर ती गप्प राही, दणका पाठीत गेला की पेला पत्र्यावर आपटी. दादा थांबे, उतरे, थोडी हवा सोडे, पुन्हा तोच रस्ता. गॅरेजवरचे रिकामटेकडे सल्ले देत, टायरला लाथा मारून बघत, मागे लटकून गाडी हलवून बघत. “तुमी काहून लटकून राह्यले बे?” दादा खेकसायचा. “तुमच्या पाठीले काय इचाराचं? जिची पाठ हाये, ते सांगन.” एकदा एकजण फारच समजावू लागला की कडक गाडी बरी, माल हलत नाही. वहिनी आतून म्हणाली, “भाऊ, मी का कोळसा आहो?” तो माणूस पुन्हा आला नाही.

शेवटी एका सकाळी फाटकावरून जाऊन-येऊन पेला एकदाही वाजला नाही. पुढच्या आठवड्यात फुलसावंगीला निघायचं ठरलं. वहिनीने आईला फोन करून सांगितलं. भेटल्यावर काय बोलायचं ते दोघी फोनवर ठरवत बसल्या.

त्याच दिवसांत तुमचा बाबा सुट्टीवर आला होता. परतायच्या आदल्या दिवशी तो पिकअप धुवायला म्हणून घेऊन गेला. रहीमभाई बाहेरगावी होते, म्हणून त्याने दुसऱ्याच पाटेवाल्याकडून दोन्ही बाजूंना जादा पाटे घालून आणले. मामाला भेट! निघताना गळ्यात पडून सांगितलं, “मामा, गाडी एकदम मजबूत करून दिली.” वणीतला मुलगा, त्याला तेच माहीत. इतके महिने मामा कशासाठी झटत होता हे त्याने एकदा विचारलं असतं! वहिनीला विचारलं असतं! कोणाला काही विचारायचं नाही आणि प्रेमाने लोखंड ठोकून मोकळं व्हायचं. तो विमानात बसला. रहीमभाई आले की पाटे काढून घेऊ, असं दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फुलसावंगीहून फोन आला. आईचं बरं नाही, लगेच निघा. आम्ही तसेच निघालो. मी मागे वहिनीजवळ होते. मारेगावपर्यंतही गेलो नाही. प्रत्येक खड्डा तिच्या मणक्यांत उतरत होता. ती ओठ दाबून होती, पेला हातातून सुटून कुठे गेला कळलं नाही, आणि मग ती किंचाळली. दादाने फुग्यांतली हवा सोडून पाहिली, पण भार आता जादा पाट्यांवर होता, हवेने काही होईना. एका घराच्या ओट्यावर तिला गादीसकट निजवलं. रहीमभाई परत येऊन पोहोचलेच होते, ते मोटारसायकलवर जॅक बांधून आले आणि आल्या आल्या गाडीखाली शिरले. नवे बोल्ट गच्च बसलेले. दोघे म्हातारे रस्त्याच्या कडेला पाठीवर पडून ते सोडवत होते.

दुपार टळल्यावर आम्ही पुन्हा निघालो. वहिनी अगदी शांत झोपून होती, गाडी इतकी मऊ चालली. महागावच्या अलीकडे फोन आला. आई गेली होती. दुपारपर्यंत ती शुद्धीवर होती आणि विचारत होती, “सुमी कुठवर आली?”

फुलसावंगीत लोकांनी उशिराचं कारण विचारलं. दादा म्हणाला, “माह्यामुळं झालं. मीच पाटे पाहत बसलो.” तुम्ही ज्याला हसलात तो किस्सा त्या अंगणात असा सुरू झाला. परतताना तो मला हळू आवाजात म्हणाला, “पोराले सांगू नको. हौसेनं केलं त्यानं. जल्मभर घोकत बसन.” ओट्यावर निजलेल्या वहिनीने सगळं पाहिलं होतं. तीही कधी बोलली नाही.

मला दादाचाही राग येतो. चहासाठी गल्ली हलवणारा माणूस, इथे का नाही ओरडला? सगळ्या लग्नांत, सगळ्या बारशांत लोकांनी तो किस्सा त्याच्या तोंडावर सांगितला आणि तो मान हलवत जेवत राहिला. बाबाला मी माफ केलं आहे. हसण्याला नाही. पुढच्या रविवारी कॉल कराल तेव्हा आधी वहिनीआजीशी बोला आणि तिला पाठ कशी आहे ते विचारा. तिला हा प्रश्न आवडतो, कारण तो फार थोड्यांनी विचारला.

गाडी चालू आहे. मागे मूळचे तेवढेच पाटे आहेत, हवा रहीमभाई तपासतात आणि चालवतातही तेच. वहिनी तिच्यात झोपून फुलसावंगीला जाऊन येते. तिथे आता तिची वाट बघणारं कोणी नाही, तरी जाते.