वॉरंटीतली गाडी

आमच्या गिरगावच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत शरच्चंद्र वर्तक राहतात. विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण वॉरंटीचं वेड असं की विचारू नका. वस्तू बिघडली आणि कंपनीने मूळ खोका मागितला तर पंचाईत नको, म्हणून यांच्या माळ्यावर कुकरपासून पंख्यापर्यंत सगळ्यांचे खोके. पंखा भंगारात जाऊन जमाना झाला, खोका आहे. गाडी घेतली तेव्हा हिचा खोका येत नाही का, असं त्यांनी शोरूममध्ये खरंच विचारलं होतं.

गाडी घेतली ती मीनाक्षीवहिनींसाठी. त्यांचं माहेर गुहागरचं. गुडघ्यांमुळे एसटीत चढणं जमेना, आणि तिकडे म्हातारी आई दरवर्षी गौरींना वाट बघत बसलेली. दोन वर्षं गाडी छान जाऊन आली. सहा वर्षांच्या वॉरंटीतली चार अजून शिल्लक होती, आणि कंपनीने दिवाळं काढलं. परळच्या सर्व्हिस सेंटरला टाळं लागलं. गाडीला काय कळलं देव जाणे, तिनेही लगेच मान टाकली.

तळमजल्यावरच्या निलेशचं लालबागला गॅरेज आहे. त्याने बॉनेट उघडून बघितलं आणि सांगितलं की बिघाड मामुली आहे, आतल्या डब्यातली एक वायर जळलीय. फक्त डब्यावरचं कंपनीचं सील तोडावं लागेल. शरच्चंद्र असे दचकले, जणू त्याने त्यांची किडनीच मागितली. सील तुटलं की वॉरंटी गेली! म्हणजे कंपनी बुडाली तरी चालेल, वॉरंटी तरंगली पाहिजे.

कोर्टाने कंपनीवर एक अधिकारी नेमला होता. त्याच्याकडे यांनी रीतसर दावा लावला. पैसे मिळायचा क्रम असा: आधी बँका आणि कामगार, मग सरकार, आणि सगळं वाटून उरलंच तर गाडीवाले. उरणार काय, कपाळ? पण हे गॅलरीत छाती फुगवून सांगायचे की मी आता साधा ग्राहक राहिलो नाही, धनको झालोय, कंपनी माझं देणं लागते. चाळीतले दोघे-तिघे अभिनंदनही करून गेले. बावळट मेले. कंपनीची हेल्पलाइन मात्र चालू होती. तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगायची. तिला बिचारीला कुणी कळवलंच नसावं.

गणपती आले. मंडपासाठी पोरांनी गाडी ढकलून भिंतीला लावली, तर हे मागून सांगत होते, हळू, वॉरंटीत आहे. मी म्हटलं, भाड्याची गाडी करून वहिनींना पाठवा. तर स्वतःची दारात असताना भाड्याची कशाला, हा यांचा बाणा.

गौरी तोंडावर आल्या आणि गुहागरहून वहिनींच्या भावाचा फोन आला. आई धड जेवत नाही, नुसती विचारते, मीनू निघाली काय. वहिनी माझ्याकडे येऊन बसल्या. चहा तसाच गार झाला. मला इतका संताप आला की वाटलं, आपणच जाऊन ते सील दाताने तोडावं. पण वहिनी उठल्या, कठडा धरून कण्हत कण्हत जिना उतरल्या आणि त्यांनी निलेशला हाक मारली.

निलेश पक्कड घेऊन आला, तसे शरच्चंद्र बनियनवरच खाली धावले आणि बॉनेटसमोर आडवे उभे राहिले.

"मीनाक्षी, अगं, चार वर्षं शिल्लक आहेत अजून."

वहिनींचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"आणि आईची किती आहेत, ते कुठल्या कंपनीला विचारू?"

शरच्चंद्र बॉनेटसमोरून बाजूला झाले. मग त्यांनी निलेशच्या हातातली पक्कड घेतली आणि सील स्वतः तोडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते सासूबाईंसाठी होतं की वॉरंटीसाठी, हे मी तरी विचारलं नाही. निलेशने वायर बदलली आणि दुपारच्या आत गाडी पेणच्या रस्त्याला लागली होती.