बारा कळ्यांचं चाक

गोधडीच्या मधोमध पडलेल्या चुण्या पाहून मॅनेजर करंदीकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. चुण्या तिथेच होत्या.

"बाई, हे आपल्या कंपनीचं चाक आहे की बाळाचं टोपडं?"

शेजारी ड्रॉइंग ऑफिसचे जोगळेकर उभे होते. ते म्हणाले, "साहेब, ड्रॉइंगमध्ये चुण्या नाहीत." जणू मी त्या घरून डब्यात घालून आणल्या होत्या.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरची. पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. आमच्या फाटकाच्या आत भोंगा होता आणि बाहेर ज्वारी. कामगारांच्या घरच्या बायकांसाठी कंपनीने शिवणवर्ग काढला आणि मला शिकवायला घेतलं, तीन महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर परत सातारा. साताऱ्याला माझा थोरला भाऊ वाटच बघत होता. "कारखान्यात बायकांची नोकरी? दिवाळीच्या आत घरी येते की नाही बघा," असं त्याने चार लोकांत सांगितलं होतं. मी अर्धपोटी राहिले असते, पण दादाचं म्हणणं खरं होऊ दिलं नसतं.

तिसऱ्या महिन्यात नव्या शेडचं उद्घाटन ठरलं. मुंबईहून चेअरमन येणार होते. व्यासपीठामागे शिवणवर्गाने केलेली गोधडी टांगायची आणि तिच्या मधोमध कंपनीची खूण, म्हणजे चाक, असं साहेबांच्या मनात आलं. "तुमच्या नोकरीचंही त्यावरच ठरवू," असं जाता जाता म्हणाले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

चौकोनाला चौकोन जोडणं कुणालाही जमतं. गोलाचं तसं नाही. निळ्या कापडात गोल भोक पाडायचं आणि त्यात दुसऱ्या कापडाचं चाक बसवायचं, तर दोन्ही कडा उलट्या दिशेने वळतात. एक आत, एक बाहेर. मशीनखाली त्या एकमेकींचं तोंड बघायला तयार नसतात. शिवाय आमचं चाक बारा कळ्यांचं होतं. कळी म्हणजे परकराला असते तसा वर निमुळता होत गेलेला तुकडा. सहा लाल, सहा पिवळ्या.

मी कागदावर बेत काढायला बसले तोच जोगळेकर आले. "बाई, अंदाजपंचे नको. कंपनीचं काम आहे." दोन दिवसांत त्यांनी ड्रॉइंग केलं. त्याच्यावर तीन सह्या होत्या: काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. पाठोपाठ वर्कशॉपमधून पत्र्याचे साचे आले, कळीचा एक आणि भोकाचा एक. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. असा साचा मी जन्मात पाहिला नव्हता.

इथे एक सांगायला हवं. शिवताना प्रत्येक तुकड्याच्या कडेचं पाव इंच कापड शिलाईच्या आत जातं. तेवढं कापड आधीच जास्तीचं ठेवावं लागतं. त्याला शिंपी माया म्हणतात. पत्र्याला तिची गरज नसते. पत्रा पत्र्याला भिडवून झाळला की माप तेवढंच राहतं. साच्यात माया धरली आहे का, हे मी जोगळेकरांना विचारायला हवं होतं. नाही विचारलं. एवढंही कळत नाही, म्हणतील, ही भीती. आणि तीन सह्या! तीन शिकलेली माणसं चुकतील असं मला तेव्हा वाटत नसे.

वर्गात हौसाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई येत. पिंपरी गावच्याच. त्यांची जमीन कारखान्यात गेली होती आणि मुलगा फाटकावर वॉचमन होता. मशीनला त्यांनी कधी हात लावला नाही. "बघाया येते," म्हणायच्या. साचा बघून म्हणाल्या, "गोल कशापायी? चौकोनावर झोप लागत न्हाई व्हय?"

"हौसाबाई, ही झोपायला नाही, टांगायला आहे."

"मंग गोधडी कशाला म्हंता? पडदा म्हना."

मी कापायला लागले. बारा कळ्या जोडल्या. चाक इतकं सपाट आणि देखणं झालं की बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते निळ्या भोकावर ठेवून पाहिलं. चाक लहान, भोक मोठं. बारा शिलायांनी प्रत्येकी अर्धा इंच खाल्लं होतं, म्हणजे सहा इंच तिथेच गेले. भोवतालच्या शिलाईत आणखी तीन जाणार होते. चाकाच्या घेरापेक्षा भोकाचा घेर नऊ इंच जास्त.

शहाण्या बाईने तिथेच हात थांबवला असता. मी मात्र ते नऊ इंच चुण्या घालून जिरवले. साहेबांनी पाहिलं ते हेच टोपडं.

जोगळेकरांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि साचे मोजले. "केसाएवढाही फरक नाही. ड्रॉइंग बरोबर आहे."

तेव्हा माझं डोकं फिरलं. नोकरी जाणारच होती, तर बोलून तरी घ्यावं. "जोगळेकर, तुमच्या शर्टाची बाही उलटी करा."

"इथे?"

"इथेच."

साहेबांसमोर त्यांनी बाही उलटी केली. शिलाईच्या आत दडलेल्या कापडावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. "हे एवढं वाया जातं?"

"वाया नाही. त्याच्यावरच शर्ट टिकतो. तुमच्या ड्रॉइंगमध्ये तेच नाही. आणि मी विचारलं नाही, ही माझी चूक."

साहेब एवढंच म्हणाले, "परवा उद्घाटन आहे," आणि गेले. निळं कापड संपलं होतं. स्टोअरवाले म्हणाले, अर्ज द्या, पुढच्या महिन्यात बघू. मी चुण्या उसवत बसले आणि खरं सांगते, रडले. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

हौसाबाईंनी चाक उचलून भोकात ठेवलं. भोवती सगळीकडे सारखी जागा उरली. त्यांनी ती बोटांनी मोजली. "भोकाला ठिगाळ लावायचं, त्यात रडायचं काय? आमी जलमभर तेच केलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःचं जुनं हिरवं लुगडं घेऊन आल्या. "गोधडीत घरातलं जुनेर पडाया पायजे. त्याबिगर ऊब येत न्हाई."

ऊब येवो न येवो, धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड मला हवं तसंच होतं. मी त्याच्या पट्ट्या उरेब कापल्या. उरेब म्हणजे तिरप्या. कापड उभं किंवा आडवं ओढलं तर हटून बसतं, तिरपं ओढलं की ताणतं आणि वळतंही. या वेळी पावपाव इंच माया धरली आणि हौसाबाईंकडून दोनदा मोजून घेतली. चाकाच्या आणि भोकाच्या चार दिशांना खुणा केल्या, खुणेला खूण लावून टाचण्या मारल्या. भोकाच्या कडेला बारीक कात्रे दिले, म्हणजे ती कड उघडून वळते. मग मशीन बैलगाडीच्या चालीने चालवलं. संध्याकाळी गोधडी जमिनीवर पसरली. सपाट. लाल-पिवळ्या चाकाभोवती दीड इंचाची हिरवी धाव, गाडीच्या चाकाला लोखंडाची असते तशी.

उद्घाटनाला चेअरमन गोधडीपाशी थांबले. हिरव्या धावेवर बोट ठेवून म्हणाले, "हे छान आहे. कुणाची कल्पना?"

साहेबांनी जोगळेकरांकडे पाहिलं. जोगळेकरांनी बुटांकडे पाहिलं. बायकांच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "कल्पना कसली? माजं लुगडं हाय त्ये!"

चेअरमन इतके हसले की हार खांद्यावरून घसरला. साहेबांनाही मग हसावंच लागलं.

सोमवारी जोगळेकर वर्गात आले. हातात ड्रॉइंगची नवी प्रत होती. चाकाभोवती धाव काढली होती आणि प्रत्येक तुकड्याच्या बाहेरून तुटक रेघेने पाव इंच माया दाखवली होती. खाली सह्यांचे चार चौकोन होते. तीन चौकोनांत सह्या झाल्या होत्या.

"चौथी तुमची," ते म्हणाले. "साहेबांनी सांगितलंय. यापुढे कापडाचं काम तुमच्या सहीशिवाय शॉपला जाणार नाही."

कायम झाल्याचं पत्र आठवड्याने आलं, पण मी खरी कायम झाले ती त्या चौकोनात. त्या ड्रॉइंगची एक प्रत मागून घेतली आणि दादाला पाठवली. सोबत एक ओळही लिहिली नाही.

त्यानंतर तीस वर्षं कुणाचाही साचा हातात आला की मी आधी विचारत असे, माया धरली आहे का? प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. कापून झाल्यावर विचारला तर जास्तच वाटतो.

दिवाळीला मी साताऱ्याला गेले नाही. भाऊबीजेला दादाच पिंपरीला आला. नोकरीबद्दल काही बोलला नाही. ओवाळून झाल्यावर पिशवीतून स्वतःचे दोन शर्ट काढून माझ्यापुढे ठेवले. पोटावर घट्ट होत होते. उलटे करून पाहिलं, आत माया भरपूर होती. सैल करून दिले.