डाव्या सीटवरचं वजन

असले अनुभव वाचून "काहीतरीच!" म्हणत नाक मुरडणाऱ्यांतली मी. पुण्यात वाढले, घरात देवपूजा होती पण भुताखेतांना प्रवेश नव्हता. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंसं होतंय... पण नवरा म्हणाला, "लिहून टाक, निदान डोक्यातून तरी जाईल." बघू.

आम्ही मेलबर्नला, ट्रुगानिनात राहतो. मी, मंदार आणि आमची सात वर्षांची इरा. मंदार आयटीत आहे, पण मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर, आणि ती खाज काही जात नाही. मागच्या वर्षी त्याने घरच्या गॅरेजमध्ये किट कार बांधायला घेतली. म्हणजे नवीन चासी आणि बॉडीचे भाग खोक्यांतून येतात, आणि इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन वगैरे एका जुन्या गाडीतून काढून त्यात बसवायचं. त्या बळी जाणाऱ्या गाडीला म्हणायचं 'डोनर'. नवी गाडी दोनच सीटची, वरून उघडी. उजवी सीट मंदारची आणि डावीवर पहिली चक्कर इराची, हे आधीच ठरलं होतं. माझा नंबर बहुधा फुटपाथवर.

डोनर मिळाली बॅलरॅटच्या पुढे, एका आडबाजूच्या घरात. विकणारा ग्लेन, पन्नाशीचा, शांत माणूस. शनिवारची सकाळ, छान ऊन होतं. मंदार आणि ग्लेन बॉनेट उघडून इंजिनात डोकं घालून उभे. आणि मी बघते तर गाडीत डाव्या सीटवर एक आजीबाई बसलेल्या! निळं कार्डिगन, मांडीवर पर्स, अगदी कुठेतरी निघाल्यासारख्या. ग्लेनची आई असणार, मी धरून चालले. मी खिडकीशी जाऊन हॅलो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी कधी चालवली नाही हं ही. नवरा चालवायचा, मी इथे." मी विचारलं, गाडी जातेय तर वाईट वाटत असेल ना? त्यांनी नुसती मान हलवली. आणि मग मी तेच म्हणाले जे आपल्याकडे कोणीही म्हणतं, "या ना एकदा आमच्या घरी, चहाला!"

आता पुणेकराचं आमंत्रण म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. समोरचा येणार नाही याची खात्री असली की आपण फार मनापासून बोलावतो. पण आजीबाईंनी माझ्याकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, "जागा असेल?"

"भरपूर!" मी म्हटलं.

मग मी टॉयलेटला आत जाऊन आले तर गाडी ट्रेलरवर चढलेली. त्या दिसल्या नाहीत. घरात गेल्या असतील म्हणून मी विसरूनही गेले.

पुढचे कित्येक महिने गॅरेज म्हणजे खाटीकखाना. जुन्या गाडीचा सांगाडा भंगारात गेला, कामाचं तेवढं नव्या गाडीत बसलं. गाडी दिसायलाही लागली झकास. इरा रोज शाळेतून आली की विचारायची, "बाबा, इज माय सीट रेडी?" रजिस्ट्रेशनच्या तपासणीआधी चारही चाकांवर वजन नीट वाटलंय का ते बघायचं असतं, म्हणून मंदारने एका मित्राकडून चपटे वजनकाटे आणले. प्रत्येक चाकाखाली एक. रविवारी दुपारी मी चहा घेऊन गेले तर हा डोकं खाजवत बसलेला.

"अगं, डावी बाजू जड येतेय. साठेक किलोनं."

"मग काढ काहीतरी तिकडचं."

"काय काढू? तिकडे काहीच नाहीये!"

त्याने डावे-उजवे काटे बदलून बघितले. जड डावंच. मग डावी सीटच खोलून बाहेर काढली. सीटच्या वजनाएवढा आकडा उतरला आणि बाकीचं वजन तसंच, रिकाम्या पत्र्यावर. इतका वेळ मी थट्टा करत होते, पण मंदारचा चेहरा बघून गप्प झाले. हा माणूस आकड्यांवर कधी चिडत नाही. त्या दिवशी चिडला.

डोनरच्या सस्पेन्शनमध्ये काही जुनी भानगड असेल म्हणून त्याने ग्लेनला फोन लावला, स्पीकरवर. नाही, अपघात वगैरे कधी नाही, ग्लेन म्हणाला. फोन ठेवता ठेवता मी आपली रीत म्हणून म्हटलं, "से हॅलो टू युअर मम."

"मम? शी पास्ड बिफोर आय इव्हन पुट द ॲड अप. डॅड गेल्यावर फार नाही जगली... का? व्हाय डू यू आस्क?"

मी काहीतरी सारवासारव केली. फोन ठेवल्यावर मंदारला सगळं सांगितलं. त्याला गाडीत कोणी दिसलंच नव्हतं. तो बॉनेटआड होता. आणि खरं सांगते, त्या बाईंपेक्षा मला जास्त भीती वाटली ती एकाच गोष्टीची – त्या जागेवर माझी पोर बसणार होती. मांडीवर, की... मला पुढचा विचारच करवेना.

मंदार म्हणाला, "गाडी विकून टाकू." मी म्हटलं, थांब. मी बोलावलंय, मीच निरोप देते. दुसरं काही मला सुचलं नाही. घरी आलेल्या बाईला आपण कसं पाठवतो? मी कपभर चहा केला, हळदकुंकवाची कुयरी घेतली. त्यांचा नवरा गेलेला, मग चालतं का वगैरे डोक्यातही आलं नाही. डाव्या बाजूच्या पत्र्यावर चहा ठेवला, शेजारी हळदकुंकू वाहिलं. म्हटलं, "आजी, चहा घ्या. पण ही जागा माझ्या मुलीची आहे हो. आता निघा."

मंदार काट्यांकडे बघत होता. "उतरतंय," तो कुजबुजला. हळूहळू, एखादं वयस्क माणूस गाडीतून उतरतं तसा आकडा उतरला, आणि ते जास्तीचे साठ किलो गेले.

मला रडूच फुटलं. हात जोडले आणि हळदकुंकू दिलेल्या प्रत्येक बाईला जे म्हणत आले तेच सवयीने तोंडातून गेलं:

"पुन्हा या हं."

मंदारने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

गाडी तपासणीत पास झाली. इराने पहिली चक्कर मारली, केस उडवत, किंचाळत. काही झालं नाही. काटेही सरळ आहेत, मंदार अजून अधूनमधून बघतो. मला वाटलं, सुटलो.

मागच्या आठवड्यात मी इराला शाळेतून घेऊन येत होते. आमच्या रोजच्या गाडीतून, किट कारमधून नव्हे. इरा मागे बसलेली. सिग्नलला थांबले आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, टिंग टिंग टिंग... डाव्या सीटचा पट्टा लावला नाही. पिशवी ठेवली की वाजतं, माहीत आहे मला. सीटवर काहीही नव्हतं.

"मम, हू हॅझन्ट गॉट देअर बेल्ट ऑन?" मागून इरा.

मी बोलावलं होतं ते घरी. किट कारमध्ये नव्हे.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मंदार म्हणतो सेन्सर, आणि म्हणताना माझ्याकडे बघत नाही. मी त्या दिवशी काय केलं ते सांगते. हात लांब करून डावा पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून घेतला आणि खट्कन लावला. आवाज थांबला. सिग्नल हिरवा झाला, आणि मी गाडी अगदी सावकाश घराकडे घेतली.