गुरुवारचा फळा

परळच्या एका चाळीच्या तोंडाशी भिंतीवर काळा फळा आहे. गिरणी संपाच्या दिवसांत तो युनियनच्या कुशाबानं रंगवून घेतला. त्यावर खडूनं काहीही लिहावं: सभा, श्रद्धांजली, पाणी कधी येणार, सरकार कधी जाणार. नियम एकच, तोही कुशाबाचा. लिहिलेलं दिवेलागणीपर्यंत कुणी पुसायचं नाही. पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी उत्तर लिहायचं. संपात त्याचा मजकूर गुंडांनी इतक्यांदा पुसला होता की दुसरा नियम त्याला सुचलाच नसता.

पुढे गिरण्या गेल्या, युनियन गेली, कुशाबाचे दात गेले. नियम तेवढा शाबूत राहिला.

मुंबईत कुणी राहावं हे ठरवण्याचा ठेका घेतलेल्या मूळभूमी पक्षाच्या धनेशनं फळ्यावर दर गुरुवार मागितला, तेव्हा चाळ कमिटी एकमुखानं नको म्हणाली. कुशाबा उठला. "विचार घाणेरडा असेल तर उघड्यावर येऊ द्या. आज त्यांचं तोंड बांधलंत तर उद्या कुणीतरी आपलं बांधेल," असं तो बराच वेळ सांगत होता. अर्धी कमिटी विरघळली. मतं बरोबरीत आली आणि हमीद परकारचा हात तेवढा उरला.

हमीद मूळचा दापोलीकडचा. तळमजल्यावर त्याचं फ्रेमचं दुकान. चाळीतले सगळे देव आणि सगळे मेलेले त्यानंच काचेत बसवलेले. तो म्हणाला, "कुशा म्हणतो ना? मग असू दे." आणि त्यानं हात वर केला. त्या हाताचा कुशाबाला फार अभिमान वाटला.

पहिले काही गुरुवार रक्तदान आणि मोफत डोळेतपासणीत गेले. कुशाबा बायकोला म्हणाला, "बघ मालन, लोकशाहीत आली की माणसं सुधारतात."

"सुधारलेत की दबा धरून बसलेत, ता बघा आधी," मालन कोलंबी सोलत म्हणाली.

मग एका गुरुवारी सकाळी फळ्यावर आलं: 'आपले देव परक्यांच्या हातात का? हमीद परकारचं दुकान बंद करा. आज पाच वाजता दुकानासमोर जमा.' अक्षर वळणदार होतं. लहानपणी धनेशला ते कुशाबानंच गिरवायला लावलं होतं.

दुपारी हमीद जिना चढून वर आला. कुशाबा जेवायला बसला होता.

"कुशा, तेवढं पूस रे. सगळं नको. माझं नाव आणि पाच वाजता, एवढंच."

"हमीद, आज मी पुसलं तर उद्या ते माझं पुसतील."

"पुसू दे की! तुझं पुसलं तर खडू जाईल. माझं दुकान जाईल."

"उद्या सकाळी असं उत्तर लिहितो बघ, तोंड वर करणार नाहीत."

"उद्या?" हमीद म्हणाला. आणि तो जिना उतरून खाली गेला.

मालननं ओलं फडकं उचललं. कुशाबा उष्ट्या हातानं दारात आडवा आला. "माझ्या घरातून नियम मोडायचा नाही."

"घरात घेतलास तुमी नियमाक," ती म्हणाली. "माणसाक घालवलास." फडकं तिनं मोरीत टाकलं.

पाच वाजता मंडळी आली. वेळेवर आली. हमीदच्या अंगाला कुणी हात लावला नाही, ही गोष्ट नंतर संयमाचा नमुना म्हणून सांगितली गेली. फक्त काचा फुटल्या. फुटलेल्या फ्रेममध्ये बहुतेक देव हिंदूंचेच होते, पण त्यानं कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. जाताना धनेश कुशाबाच्या पाया पडला. "आबा, एवढी माणसं जमली ती तुमच्या फळ्यामुळे."

दुसऱ्या दिवशी कुशाबानं उत्तर लिहिलं. ते खरोखर उत्तम होतं. लोकांनी त्याचे फोटो काढले. त्याच वेळी हमीदचं सामान टेम्पोत चढत होतं. अँटॉप हिलला लेकीकडे जायचं होतं. कुशाबा पेटी उचलायला पुढे झाला.

"तू नको," हमीद म्हणाला. "काच आहे. लागेल तुला."

पुढे पक्षानं 'विरोधी विचारांचा सन्मान' असा कार्यक्रम ठेवला आणि कुशाबाला बोलावलं. मालन म्हणाली, जाव नका. तो गेला. त्यांच्याच मांडवात त्यांना सुनवायची संधी तो सोडणार नव्हता. शाल-श्रीफळ घेऊन त्यानं त्यांना गुंड म्हटलं, भेकड म्हटलं, हमीदचं नाव घेऊन जाब विचारला. मंडळींनी मन लावून ऐकलं आणि योग्य जागी टाळ्या वाजवल्या. आभार मानताना धनेश म्हणाला, "आम्हाला असहिष्णू म्हणणाऱ्यांनी आज इथं यायला हवं होतं." त्याचा आणि कुशाबाचा फोटो चाळीतल्या प्रत्येक मोबाईलवर गेला.

घरी येऊन कुशाबानं शाल न काढताच हमीदला फोन लावला. सगळं भाषण पुन्हा ऐकवलं.

"तोंडावर बोललास?" हमीदनं विचारलं.

"तोंडावर! एक शब्द गिळला नाही."

"ऐकून घेतलं त्यांनी?"

"शेवटपर्यंत. शांतपणे."

हमीदचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग येऊ मी? दुकान उघडू सोमवारपासून?"

कुशाबानं मालनकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"इतक्यात नको," तो फोनमध्ये हळू म्हणाला.