शेवटची दोन मिनिटं

कुठल्याही गोष्टीवर मत द्यायचं झालं, की मिस्त्री आधी उजव्या हाताची मूठ आवळायचे आणि सावकाश उघडून तळव्याकडं बघायचे. मूठ रिकामीच असायची. चहा कसा झालाय, नवा रस्ता टिकेल का, समोरच्या दुकानदाराचा जावई बरा आहे का, सगळ्याचा निकाल त्या तळव्यात बघून लागायचा. मग म्हणायचे, "बरं हाय." नाहीतर, "न्हाय जमलं."

चाळीस वर्षं त्यांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लोखंड ओतायचे वाळूचे साचे केले. वाळूत ओल बेताची आहे का, हे मुठीत धरून बघायचं, ही रोजची सवय. नोकरी सुटली, पण मूठ काही सुटली नाही. यंत्रांच्या आवाजात डावा कान गेला होता, म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसायचं आणि मोठ्यानं बोलायचं. माझा आवाज मुळात मोठा, त्यामुळं आमचं जमलं.

माझं राजारामपुरीत टायपिंगचं दुकान. नव्वदच्या आगेमागे दोन टाइपरायटरवर सुरू केलं, पुढं संगणक आला, मग नेट आलं. मिस्त्री दर सोमवारी यायचे. उद्यमनगरची सुट्टी सोमवारची, म्हणून निवृत्तीनंतरही यांची सुट्टी सोमवारीच. बाकीचे सहा दिवस कसलं काम होतं, ते विचारायची सोय नव्हती.

पुण्याच्या मुलीनं त्यांना काडेपेटीएवढा प्लेअर दिला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात बोलायला कुणी नाही, तर वडलांनी गाणी ऐकावीत असं तिला वाटलं. मिस्त्रींना गाण्यांत रस नव्हता. मी त्यांना नेटवरचा एक कार्यक्रम काढून दिला. परदेशात राहणारे एक मराठी गृहस्थ दर आठवड्याला अर्धा तास, वस्तू कशा बनतात ते सांगायचे. सुई, काच, रेल्वेचा रूळ, कुलूप. मिस्त्रींनी पहिला भाग ऐकला, मूठ उघडून बघितली आणि म्हणाले, "पावण्याचं बरं हाय."

तेव्हापासून सोमवारी दोन कामं. नवे भाग भरायचे, जुने काढायचे. मी एकदा म्हटलं, राहू देत की जुने, जागा आहे. तर म्हणाले, "ऐकलं की काढायचं, ताई. ओतकाम झालं की आमी साचा फोडतो. तीच वाळू दुसऱ्या दिवशी कामाला येती. साचे जपून ठेवले असते तर फौंड्रीत उभं ऱ्हायला जागा ऱ्हायली नसती."

दर खेपेला कुठला ऐकला, कुठला नाही, हे विचारून एकेक पुसायचा मला कंटाळा यायला लागला. मग संगणकात एक चौकट सापडली. तिथं खूण केली की शेवटपर्यंत ऐकलेला भाग, प्लेअर जोडल्याबरोबर आपोआप निघून जायचा. मिस्त्री बेहद्द खूश झाले. "मशीनला वळण हाय," म्हणाले. हे सर्टिफिकेट त्यांनी मला मात्र कधी दिलं नाही.

आणि मग घंटेचा भाग आला. देवळातली घंटा कशी ओततात, ते त्या गृहस्थांनी फार छान सांगितलं, फक्त साच्याची वाळू कोरडी ठक्क लागते असं म्हणाले. सोमवारी मिस्त्री दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर. "पावणा चुकलाय. पत्र लिवा."

मी प्लेअर जोडला आणि ते सांगतील तसं टाइप करत गेले. वाळूला ओल लागती. मूठ आवळायची, उघडायची. हाताला न चिकटता गोळा उभा ऱ्हायला की वाळू तयार. मी ते जरा शुद्ध करून, 'आपल्या अभ्यासपूर्ण कार्यक्रमाबद्दल' वगैरे जोडून वाचून दाखवलं. त्यांनी मूठ उघडली. "न्हाय जमलं. लई गोड केलंय तुमी." शेवटी त्यांच्याच शब्दांत पाठवलं, खाली नाव आणि कोल्हापूर. पाठवायच्या आधी त्यांना पावण्याचं वाक्य पुन्हा एकदा ऐकायचं होतं, तर प्लेअरमध्ये घंटा नाही. शेवटपर्यंत ऐकली होती, निघून गेली. मी परत उतरवून दिली. त्यांचा चेहरा मात्र पडला होता.

त्यानंतर ते उत्तराची वाट बघायला लागले. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते गृहस्थ ऐकणाऱ्यांची पत्रं वाचायचे, तेवढ्यासाठी नवा भाग मिस्त्री दुकानातच लावायचे. कुणी भाग आवडला म्हणून लिहिलेलं, कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या. यांचं पत्र नाही. तीन महिने गेले. एका सोमवारी कानातली वायर गुंडाळत म्हणाले, "चाळीस वर्सांत सायबानं कधी इच्यारलं न्हाय, मिस्त्री, तुमास्नी काय वाटतंय. हा तर परदेशातला. ऱ्हाऊ दे." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. मला त्या पावण्याचा मनापासून राग आला.

पुढच्याच आठवड्यात प्लेअर भरला. नवा भाग मावेना. उघडून बघते तर बारा-तेरा भाग तसेच, आणि प्रत्येकाची शेवटची दोन मिनिटं ऐकायची शिल्लक.

"मिस्त्री, हे काय?"

त्यांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. "चांगले हाईत त्ये. परत ऐकावं वाटतंय. घंटेगत जातील म्हणून आधीच बंद करतोय."

"आणि ऐकलं की काढायचं, त्याचं काय?"

"ऐकून कुठं झालंय? दोन मिनिटं हाईत की अजून."

"अहो, शेवटी काय असतं ते तरी ऐकायचं."

"काय असतंय? वाजंत्री आन् रामराम."

जागा करायची तर भाग संपवायला हवा, म्हणून मी वायर कानाला लावून घंटेनंतरच्या एका भागाची शेपटी लावली. वाजंत्री झाली. मग ते गृहस्थ म्हणाले, निरोपाआधी एक चूक दुरुस्त करतो. कोल्हापूरच्या एका मिस्त्रींनी... मी पटकन बंद केलं. आजवर त्यांची चूक कुणी काढली नव्हती, त्यामुळं चूक दुरुस्त करायची जागा सुरुवातीला नसून शेवटी आहे, हे आम्हाला कळायचं कसं?

"हे तुम्हीच ऐका," मी म्हटलं आणि वायर त्यांच्या उजव्या कानाला दिली.

ते स्टुलावर बसून ऐकत राहिले. दोन मिनिटं काय ती, पण मला फार लांब वाटली. मध्येच त्यांची मूठ आवळली गेली, उघडली. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "वाळू भिजवून बघितली म्हणतोय पावणा," ते म्हणाले. "गोळा उभा ऱ्हायला म्हणतोय. मिस्त्री बरोबर हाईत म्हणतोय."

मी म्हटलं, थांबा, चौकटीतली खूण काढते, हा भाग कायमचा राहील.

"कशाला? ऐकलं की." त्यांनी स्वतः प्लेअर माझ्यापुढं सरकवला. "फोडा साचा."

मी जोडला. भाग गेला. त्यांनी दोन चहा सांगितले आणि समोरच्या जावयाबद्दलही त्या दिवशी बरं बोलले. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी एकही भाग अर्धवट सोडला नाही. मी मात्र त्यांना न सांगता त्या भागाची एक प्रत संगणकात ठेवून दिली होती. साचे फोडणं मला जमत नाही.

मिस्त्री गेले ते दुपारी जेवून पडल्या पडल्या, कुणाला त्रास न देता. पंधरा दिवसांनी मुलगी प्लेअर घेऊन दुकानात आली. "ताई, ह्यात बाबांचं काही आहे का हो? मला काहीच सापडत नाही."

प्लेअर रिकामा होता. सगळं ऐकून झालेलं. मी तिला स्टुलावर बसवलं आणि माझ्याकडची प्रत लावली, शेवटची दोन मिनिटं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाबांनी पुण्याला फोनवर एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

ऐकता ऐकता तिनं मूठ आवळली आणि सावकाश उघडून तळव्याकडं बघितलं. मग म्हणाली, "हे मला द्याल?"

मी तो भाग प्लेअरमध्ये भरला. देण्याआधी चौकटीतली खूण काढून टाकली.