मी आधी वाचलेली चिठ्ठी

शाळेच्या तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडे असायची. पेटी समितीसमोरच उघडायची, असा नियम. पण पोरं तीत गोळ्यांचे कागद टाकत, एखाद्या मास्तरांचं ढेरीसकट चित्र काढून टाकत. बैठकीत शोभा नको म्हणून मी आदल्या दिवशी एकटीच पेटी उघडायचे. मुख्याध्यापक हसून म्हणायचे, "मॅडम, तांदूळ निवडून ठेवा बरं."

लाखांदूरकडचं गाव. शाळेमागे तलाव, पलीकडे मासेमारी करणाऱ्यांची टोली, म्हणजे वेगळी वस्ती. दहावीत त्या टोलीवरची एकच मुलगी होती. दोन वर्षं मी तिच्या मराठीच्या वह्या तपासत होते.

त्या आठवड्यात पेटीत एकच चिठ्ठी निघाली. खाली नाव नव्हतं. 'विज्ञानाचे सर प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही करायला शाळा सुटल्यावर एकटीलाच बोलावतात. दार लावून घेतात. मला भीती वाटते.'

अक्षर मी पाहताक्षणी ओळखलं. चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी समितीसमोर पेटी उघडली, रिकामी निघाली, चहा झाला.

हे सर मुलींच्या वेण्या ओढत, "काय गं, नवऱ्याले असंच उत्तर देशीन का?" म्हणत. आम्ही हसायचो. मीही हसायचे. साकोलीहून आम्ही चौघं एकाच कारनं ये-जा करत होतो, आणि कार सरांची होती. मुलीची गावभर चर्चा होईल म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. मला रोजच्या सोबतीत वाकडं नको होतं.

तरी काहीतरी करावं म्हणून मी त्यांना सायकल स्टँडजवळ गाठलं.

"सर, सह्या वर्गातच करत जा. चिठ्ठी आली आहे."

"कोणाची?"

"नाव नाही."

"मॅडम, तुम्ही तं सगळ्याईचं अक्षर ओळखता." ते हसत होते. "सांगा ना, कोण आपल्यावर रुसून राहिलं?"

"जाऊ द्या ना सर. टोलीवरची गरीब पोर आहे. बाप साधा माणूस आहे."

मला वाटलं, मी तिच्यासाठी रदबदली करते आहे. त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे दुसरीकडे वळले. माझ्या तोंडून काय गेलं, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गातून त्यांचा आवाज आला. "हे पाहा अक्षर! चिठ्ठ्या लिहायले वेळ आहे, प्रयोग लिहायले नाही." पोरं हसली. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात समोर आली. माझ्याकडे पाहिलं आणि बाजूनं निघून गेली. चिठ्ठी कोणाच्या हातातून गेली, हे तिला समजलं होतं.

मग ती यायची थांबली. पंधरा दिवसांनी वडील आले, दाखला मागायला.

"दहावी आहे हो दादा. चारच महिने राहिले."

"मी तं लय समजावलं. नाहीच म्हणते. शाळेचं नाव काढलं का कोपऱ्यात जाऊन बसते." ते खुर्चीवर बसले नाहीत. "मॅडम, तुमच्यावर तिचा लय जीव. खरं सांगा, शाळेत काही झालं का?"

शेजारच्या टेबलावर सर वह्या तपासत होते. त्यांचा पेन थांबला.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही झालं."

पेन पुन्हा चालू लागला. दाखल्यावर कारण लिहिलं, 'पालकांची विनंती'.

सर पुढे बदलून दुसऱ्या शाळेत गेले. आजही दहावीलाच शिकवतात. अलीकडे तिथली एक नवी शिक्षिका मला कौतुकानं सांगत होती, सर शाळा सुटल्यावरही मुलींसाठी थांबतात. ते ऐकून मी सगळं माझ्या नावानिशी लिहून शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलं. "इतक्या वर्षांनी?" साहेबांनी एवढंच विचारलं. अजून चौकशी सुरू झालेली नाही.

मग टोलीवर गेले. तिचे वडील अंगणात जाळं शिवत होते. मी उभ्यानंच सांगितलं, "दादा, त्या दिवशी मी खोटं बोलले. झालं होतं. तिची चूक नव्हती."

त्यांचे हात थांबले.

"तुम्ही नाही म्हणलं," ते म्हणाले, "म्हणून मी घरी येऊन तिले मारलं होतं, मॅडम."