शाळेमागचे वाफे

भाजी काढली की संपते. तिच्या गोष्टी संपत नाहीत. नाक्यावर चहाला बसलो की कोणीतरी विचारतोच, "अण्णा, शाळेच्या बागेत काय नवीन?" मी कमी बोलणारा माणूस आहे. तरी सांगावं लागतं.

आमचं गाव पेण आणि नागोठण्याच्या मधे. शाळेमागे पंचायतीचा पडीक तुकडा आहे. शाळेच्या बाई घाटावरच्या. त्यांना तिथे भाजीपाला करायचा होता. पोरांनी शिकावं, गावानं हात लावावा, सगळ्यांनी खावं. दामूशेठला त्याच जागेवर शेड हवी होती. त्याचा गणपतीचा कारखाना, मूर्ती वाळवायला जागा पुरत नाही.

ग्रामसभेत सरपंचांनी दोघांचं ऐकलं. म्हणाले, "संक्रांतीला बघायला येऊ. पीक दिसलं तर जागा बागेची. नाय दिसलं तर शेड. जबाबदारी कोण घेतो?"

सगळे आपापल्या चपला बघायला लागले. मी उभा राहिलो. चौथी शिकलोय, पण दिलेला शब्द आजवर मोडला नाही. "माझी," म्हणालो.

मागून कोणीतरी बोललं, "घरात बसू देत नाय वाटतं अण्णाला."

*

दामूशेठ मनाचा मोठा. "भांडण जागेचं, पोरांशी नाय," म्हणाला आणि टेम्पो भरून माती पाठवली. मऊ, फिक्या रंगाची, चाळलेली. बाई खूश. एक अख्खा वाफा भरला, मेथी पेरली, पाणी दिलं.

दोन-चार दिवसांत वाफ्याला भेगा पडल्या. कुदळ मारली तर ठण्ण वाजली. कारखान्यातली उरलेली शाडू होती ती! आमच्याकडे माती म्हटली की तीच. दामूशेठच्या डोक्यात दुसरी मातीच नाही, आणि पेणजवळ राहून आम्हीही विचारलं नाही.

पोरांनी वाफा भिजवला, उकरला आणि व्हरांड्यात बसून गणपती केले. बाईंनी तो तास कार्यानुभवात धरला. दामूशेठ बघायला आला. एका पोरीच्या मूर्तीपाशी थांबला.

"सोंड उजवी केलीस गो. आता घरात सोवळं पाळायला लाव."

*

मिरचीची रोपं आणायला मी रोह्याला गेलो. येताना गाडीत ट्रे खिडकीच्या सीटवर ठेवला आणि मी उभा राहिलो. समोरच्या बाईनं विचारलं, "वांगी काय?" म्हटलं, मिरची. तिनं पान खुडून वास घेतला. "व्हय, मिरचीच." शेजारच्याला खात्री पटेना. त्यानंही खुडलं. मग पुढच्या बाकावरचे आले. मी डोळे वटारले, पण मला कोण घाबरतो?

रोह्याला रोपं होती. आमच्या कासू स्टेशनला उतरलो तेव्हा ट्रेमध्ये काड्या होत्या.

बाई काड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेंडे खुडले की फुटवा चांगला येतो म्हणतात, अण्णा."

मी म्हणालो, "म्हणून तर लोकांकडून खुडून आणली."

*

पाखरं यायला लागली तेव्हा पोरांनी बुजगावणं केलं. आमच्याकडे निम्मं गाव कंपनीत, त्यामुळे बुजगावण्याला कंपनीचा निळा शर्ट आणि वर हेल्मेट. शर्ट बायजाक्काच्या मुलाचा. बायजाक्काला मोतीबिंदू. दुपारी बांधावरून जाताना ती थांबली.

"शिफ्ट सुटली काय रे? उन्हात कशाला हुभा?"

उत्तर नाही. ती चिडली. जवळ जाऊन त्याचा दंड दाबून बघितला. आत पेंढा गच्च भरलेला.

"बोलू नकोस," ती म्हणाली, "पण नोकरी लागल्यापासून अंगानं भरलास हो."

*

पोरांनी झाडांना नावं दिली होती. काटेरी वांग्याच्या एका झाडाला सई नावाच्या मुलीनं 'अण्णा' नाव दिलं. का, असं बाईंनी विचारलं.

"हात लावला की टोचतं," सई म्हणाली. "पण वांगी धरतं."

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी झारी उचलली. त्या झाडाला पाणी जास्त दिलं नाही. सगळ्यांना सारखं.

*

आता संक्रांतीचं. मेथी शाडूत गेली होती. वांगी, मिरच्या थोड्या. माझा सगळा भरवसा वालावर. शेंगा अशा लागल्या होत्या की पान दिसत नव्हतं. पंचायत दुपारी येणार होती. मी सकाळी पेणला दाढी करून आलो. शब्द खरा करायचा होता, माणूस नीट दिसावा.

परत येऊन बघतो तर वालावर एक शेंग नाही. नुसता पाला. मागच्या बाजूला धूर.

पोरं जाळाभोवती बसली होती. मधे मडकं उपडं. बाई पदर खोचून काटक्या घालत होत्या.

"शेंगा कुठायत?"

"मडक्यात," सई म्हणाली. "पाहुणे येणार ना? पोपटी लावली."

थंडीत पाहुणा आला की आमच्याकडे पोपटी लावतात, हे खरंच आहे. तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. पोरांचं काही चुकलं नव्हतं. बाईंनी पोपटी कधी बघितलीच नव्हती. मी खाली बसलो.

तेवढ्यात सरपंच आले. मागून दामूशेठ, हातात शेडची मापं घ्यायची टेप. सरपंचांनी वाफ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अण्णा, पीक कुठाय?"

मी मडक्याकडे बोट केलं. दुसरं काय करणार?

शिजलं का बघायला सईनं मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. पोरांनी जाळ बाजूला करून मडकं गोणपाटावर रिकामं केलं. वास सुटला. आधी सरपंच बसले. दामूशेठ उभाच होता. मग तोही बसला, टेप मांडीखाली ठेवून. सालांचा ढीग वाढत गेला.

शेंगा संपल्या. दामूशेठनं हात पुसले, टेप काढली आणि उठला. मीही उठलो.

तो मडक्यापाशी गेला. टेप मडक्याच्या पोटाभोवती फिरवली आणि सरपंचांना माप दाखवलं.

"पुढच्या साली हे पुरणार नाय."